वॉल्टर म्हणे

आईनं ती कॅसेट घरी आणली ती पुसून टाकायला. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात ती आया होती. तिथं परदेशातली शिकाऊ डॉक्टर पोरं काही महिन्यांसाठी येत, आणि ती परत जाताना खोलीत जे राहील ते आयांचं, असा अलिखित नियम होता. कुणाला टॉवेल मिळे, कुणाला अर्धा साबण, कुणाला असले अगडबंब बूट की ते घालून परदेशातच चालता यावं. आईच्या वाट्याला त्या दिवशी एक कॅसेट आली. कॅसेटच्या डोक्यावरच्या भोकांत कापसाचा बोळा कोंबला की जुनं पुसून तिच्यावर नवं भरता येतं, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. विश्रामबागेतला एक दुकानदार आपण सांगू ती गाणी भरून द्यायचा. आईला भीमजयंतीची गाणी भरून हवी होती. मी म्हटलं, "आई, आत काय हाय ते तरी ऐकू की." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ऐक. इंग्रजी असंल. तुला तरी कुठं कळतंय?"

हे खरं होतं आणि म्हणूनच मला झोंबलं. मी तेव्हा विश्रामबागेतल्या कॉलेजात नुकती जाऊ लागले होते. इंग्रजीच्या तासाला सर बोलत आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत बसे. कुणी जमणार नाही म्हटलं की ते करून दाखवायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. आबा म्हणत, "रत्नीला न्हाई म्हणू नका, न्हाईतर ती आभाळाला शिडी लावंल." तेव्हा कॅसेट पुसायची राहिली आणि मी ती ऐकायला बसले.

आमचं घर म्हणजे विश्रामबागेच्या पाठीमागं, रेल्वेच्या रुळांपासून जवळ, दोन खोल्या. आबा रेल्वेत, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत होते. गाव आमचं माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पुढं. तिथं पाणी कमी आणि माणसं चिवट. आईआबा सांगलीकडं येऊन बरीच वर्षं झाली होती तरी घरातली चूल माणदेशीच राहिली. सांगलीत आजूबाजूला ऊस आणि हळद, पण आमच्याकडं बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि थंडीत हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. शेंगोळे शिजताना लसणाचा जो वास सुटे, त्यानं शेजारची माणसं विनाकारण आमच्याकडं डोकावून जात. गाडी गेली की भिंतीवरचं तथागतांचं चित्र हलायचं आणि आई बोलता बोलता हात वर करून ते सरळ करायची. आजही कुठं गाडीचा आवाज आला की माझा हात भिंतीकडं जातो.

कॅसेटवर छापील कागद नव्हता. कुणीतरी भरून घेतलेली ती नक्कल होती आणि तिच्यावर निळ्या शाईत गाणाऱ्या मंडळींचं नाव होतं, 'एम्प्टी सायलो'. मी शब्दकोश उघडला. सायलो म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार. म्हणजे आमची कणगीच की! रिकामी कणगी. आपल्या पार्टीचं असलं अवलक्षणी नाव कोण ठेवतं, असं आईला वाटलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव पडलं कणगीवाले.

दुपारी कॉलेजातून आले की मी टेपरेकॉर्डर मांडीजवळ घेऊन बसायची. गिटार होती, फिडल म्हणजे त्यांचं व्हायोलिन होतं, आणि एक वाद्य असं होतं की तारेवरून कुणी लोखंडी सळई हळूच ओढावी. ढोल मात्र आपल्याकडच्यासारखा रागात आलेला. या सगळ्यात दोघे जण गायचे. एकाचा आवाज जाड आणि शांत, दुसऱ्याचा फाटका. तो फाटक्या आवाजाचा गडी ओळीत नेहमी उशिरा पोचायचा. ताल पुढं जायचा आणि हा मागून, डोक्यावर ओझं असल्यासारखा यायचा. मला वाटे, आता चुकला, आता चुकला. पण तो कधी चुकला नाही. आई म्हणाली, "ह्यो गातोय का रडतोय?" आबा पाय धुऊन दारात बसले होते. त्यांनी जरा वेळ ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "शेतातला हाय."

आबा एवढं बोलले याचंच मला नवल वाटलं. गाण्यावर ते बोलतच नसत. आमच्या घरात गाणं ऐकायला बंदी नव्हती, गाणं करायला होती, आणि तिचं कारण सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं. तरुणपणी आबा आणि त्यांचा चुलतभाऊ दिगू, म्हणजे आमचे दिगूकाका, यांची गावाकडं गायन पार्टी होती. आबा गाणी रचायचे आणि दिगूकाका गायचे, कारण आबांचा आवाज म्हणजे पत्र्यावर खडे. आमच्या गाण्यांत रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायचं. ती त्याची सही. आबांच्या गाण्याचा शेवट 'सदा सांगे' असा व्हायचा. पुढं आबा नोकरीला इकडं आले, दिगूकाका गावात राहिले, पार्टी त्यांच्याकडं राहिली. मग एक दिवस मिरज स्टेशनवर चहाच्या गाड्यावर कुणीतरी कॅसेट लावलेली, आणि आबांना आपलंच गाणं ऐकू आलं. आवाज दिगूचा, शब्द सगळे स्वतःचे. आबा खुशीत ऐकत राहिले. शेवटचं कडवं आलं, आणि कॅसेट म्हणाली, 'दिगू सांगे'.

सदा आणि दिगू. एका मापाची दोन नावं. एक उपसून दुसरं घातलं तरी गाण्याला ओरखडासुद्धा उठला नाही. आबांनी गावी जाऊन विचारलं, तर दिगूकाका म्हणाले, "आरं सदा, गाणं काय खुंटीला टांगून ठिवायचं असतंय व्हय? त्ये गावोगाव न्हेलं कुणी? घसा कुणी फोडला? लोक गानाऱ्याचं तोंड बघत्यात गड्या, रचणारा कुठं दिसतोय त्यास्नी?" यात तथ्य नव्हतं असं मी आज म्हणणार नाही. दिगूकाका नसते तर आबांचं गाणं आमच्या आळीच्या बाहेर गेलं नसतं. पण ते आबांना कोण सांगणार? त्यांनी तेव्हापासून एक ओळ रचली नाही आणि जयंतीला गावी जाणं सोडलं. आई मला घेऊन जायची, दिगूकाकांच्या पार्टीत बायापोरींबरोबर मी मागं उभी राहून झील धरायची, म्हणजे गाणाऱ्याची ओळ मागून उचलायची. आबा घरी.

कणगीवाल्यांची कॅसेट ऐकता ऐकता मला एक शोध लागला. त्यांच्या एका गाण्यात शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि तो फाटक्या आवाजाचा गडी एकटाच गातो. बाकी गाण्यातला शब्द न् शब्द माझ्या हातातून मासळीसारखा निसटायचा, पण ही ओळ मला लख्ख कळली. तिचा अर्थ असा होता की वॉल्टर म्हणतो, पाऊस येवो न येवो, मी दार उघडं ठेवीन. वॉल्टर म्हणतो! शेवटच्या कडव्यात! मी टेप बंद करून उठलेच. म्हणजे तिकडंही आपल्यासारखीच रीत. रचणाऱ्याचं नाव शेवटी. मी आईला सांगितलं, "हे गाणं वॉल्टर नावाच्या कवीनं रचलंय, आणि त्यानं सही केलीय बघ." आईला ते एकदम पटलं. ती म्हणाली, "आन् गानाऱ्यानं नाव बदललं न्हाई. चांगली माणसं हायती."

त्या वॉल्टरवर मी जीव ओवाळून टाकला. कॉलेजातल्या मैत्रिणी सिनेमातल्या नटांवर मरत होत्या आणि मी कुठल्याशा कोरडवाहू मुलखातल्या, न पाहिलेल्या कवीवर. तो कसा दिसत असेल ते मी ठरवून टाकलं होतं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घामाची मिठाची रेघ, अगदी आमच्या गावच्या माणसांसारखा. कॅसेट इतकी वाजवली की टेप दोनदा गुंतली आणि ती पेन्सिलीनं फिरवून मी परत बसवली. शब्दकोश मांडीवर ठेवून मी एकेक ओळ दहा दहा वेळा ऐकायची. इंग्रजी मला सरांनी शिकवलं नाही, त्या कणगीवाल्यांनी शिकवलं. बंद पडलेली गिरणी, धुळीचा रस्ता, गाव सोडून गेलेली माणसं, हे शब्द आधी आले आणि नमस्कारचमत्कार नंतर.

आणि मग मला गाणं सुचलं. सुचलं कसलं, मी हट्टानं केलं. कणगीवाल्यांच्या त्याच चालीवर आमच्या गावावर चार कडवी जुळवली. शेवटी रीतीप्रमाणं नाव घातलं, 'रत्ना सांगे'. बाईचं नाव शेवटच्या कडव्यात मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्याकडं बायका नाव घेत ते नवऱ्याचं, तेही उखाण्यात. मी ठरवलं, एप्रिलात जयंतीला गावच्या मंचावर हे गाणं मी स्वतः म्हणणार. आबांना न सांगता म्हणणं शक्य होतं. पण ते मला नको होतं. एका संध्याकाळी ते जेवून उठले आणि मी समोर उभं राहून सगळं गाणं म्हटलं.

आबांनी ते डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "शब्द बरं हायती." आबांच्या तोंडून हे म्हणजे शाल आणि नारळ. माझा चेहरा फुलला असणार, कारण त्यांनी लगेच हात वर केला. "थांब. आता ह्ये ऐक." आणि इतक्या वर्षांनी आमच्या घरात आबा गायले. पत्र्यावरचे खडे. माझं शेवटचं कडवं त्यांनी जसंच्या तसं म्हटलं, फक्त 'रत्ना सांगे'च्या जागी 'दिगू सांगे' घातलं. चपखल बसलं. "बघितलंस? खुरपं पण लागलं न्हाई. दिगूच्या मंचावर तू म्हणणार, पुढल्या जयंतीला त्योच म्हणंल, आन् तू मागं उभी ऱ्हाऊन झील धरशील."

मी म्हटलं, "मी न्हाई धरणार."

"मीबी असंच म्हणलं हुतं." मग त्यांनी विचारलं, "चाल कुणाची?"

चुलीवरच्या दुधाकडं बघत आई म्हणाली, "कणगीवाल्यांची हाय, मला कळली."

"वॉल्टरची," मी म्हटलं.

"मग तू तरी काय केलंस?" आबा म्हणाले. "त्याचं घेतलंस आन् शेवटाला रत्ना लावलंस. पोरी, तू तर दिगूच झालीस की."

मला इतका राग आला की मी न जेवताच उठले. आपल्याकडं सिनेमाच्या चालींवर किती गाणी होतात, हे मी मनात त्यांच्याशी भांडत होते. पण राग खरा कशाचा होता? ते बरोबर होते याचा. मी ते गाणं सोडून दिलं. नवं करायचं, चाल आपली करायची आणि नाव असं घालायचं की दिगूकाकांना काय, कुणालाच काढता येणार नाही. पण ते कसं करायचं हे मात्र मला समजत नव्हतं. नाव कितीही लांब केलं तरी शेवटचं कडवं कापून टाकलं की संपलं. शेपटीला बांधलेली घंटा ती, शेपूट तोडली की गेली. जयंती जवळ येत होती आणि मी भिंतीला डोकं लावून बसले होते.

त्याच दिवसांत दवाखान्यात नव्या शिकाऊ डॉक्टरांची तुकडी आली. त्यांत हॅना नावाची एक अमेरिकन मुलगी होती. आई तिला हन्नाबाई म्हणायची आणि ती आईला "हौसाआई" म्हणायची, तेही इतकं जपून की तोंडातून काही सांडू नये. आईनं तिच्या कानावर घातलं की माझी मुलगी तुमच्याकडची गाणी ऐकते. कोणती, असं विचारल्यावर आईनं एम्प्टी सायलो हे नाव घेतलं, आणि हन्नाबाई हातातलं काम टाकून नाचायलाच लागली म्हणे. ती कॅसेट सोडून गेलेला मुलगा आणि ती एकाच कॉलेजातले. कणगीवाले त्यांच्याच भागातले, तिनं त्यांना कितीदा समोर बसून ऐकलं होतं. आईनं मला रविवारी दवाखान्यात बोलावून घेतलं.

दवाखान्याच्या अंगणात कडुलिंबाखाली बाकावर आम्ही तिघी बसलो. टेपरेकॉर्डर मी सांगलीहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले होते. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून पहिला प्रश्न विचारला की वॉल्टरनं आणखी किती गाणी रचली आहेत? तिला कळेना. मी शेवटची ओळ लावली, आणि आमच्याकडची नाव घालायची रीत समजावली. ते ऐकताना तिचे डोळे मोठे होत गेले. मग ती हसली, पण मला हसली नाही. ती म्हणाली, वॉल्टर कवी नाही. वॉल्टर त्या गाण्यातला माणूस आहे. एक म्हातारा शेतकरी. आणि तिनं मला पहिल्यापासून एकेक कडवं हळू बोलून दाखवलं. पहिल्याच ओळीत वॉल्टर होता, फक्त तिथं त्याला वॉल्ट म्हटलं होतं आणि ढोलाखाली ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. तो दुसऱ्या कडव्यात होता, तिसऱ्यात होता. गिरणी बंद झाली तेव्हा होता, मुलगा शहराला गेला तेव्हा होता. रचणाऱ्यांची नावं तिकडं गाण्यात घालतच नाहीत, ती कागदावर छापतात.

मी विचारलं, मग रचणारे कोण? ती म्हणाली, ते दोघं, जाड आवाजाचा आणि फाटक्या आवाजाचा. शाळेपासूनचे मित्र. आणि मग तिनं ते सांगितलं. त्यांची पार्टी मोडून दोन वर्षं झाली होती. कुठलं गाणं कुणाचं, कुणाचं नाव आधी, यावरून ते भांडले. आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आईला मी मराठीत सांगितलं तशी ती कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! तितंबी सदा आन् दिगूच."

मी मात्र रडले, दवाखान्याच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. माझ्या घरात रोज दुपारी ते दोघं एका सुरात गात होते आणि खरं तर ते केव्हाच उठून गेले होते. मी सुरुवात केली तेव्हाच त्यांचं संपलेलं होतं. माणूस मेल्यावर त्याच्या प्रेमात पडावं तसं हे झालं. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हाचं रडू खोटं नव्हतं. माझा मुलगा फोनवर जगातलं कुठलंही गाणं चुटकीसरशी काढतो. कणगीवाले मात्र त्याला अजून सापडले नाहीत. तो म्हणतो, आई, असे कुणी होते तरी का? मी म्हणते, होते.

परतीच्या बसमध्ये रडू थांबलं आणि डोकं चालू लागलं. वॉल्टर काढता येईल का त्या गाण्यातून? त्याच्या जागी दुसरं कुणी घातलं तर? नाही जमत. तो गाण्याला नंतर चिकटवलेला नव्हता. सगळं गाणंच त्याच्यावर उभं होतं, आढं मेढीच्या खांबावर उभं असतं तसं. मेढ काढली तर छप्पर खाली. आणि म्हणून भांडूनसुद्धा त्या दोघांना वॉल्टरला हात लावता आला नव्हता. बस विश्रामबागेला पोचायच्या आत मला कळलं होतं की माझ्या गाण्यात रत्ना नसणार. मला मेढ हवी होती, आणि ती माझ्या शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपली होती.

नवं गाणं आईवर झालं. तिचं गाव, तिची घागर, माणातून सांगलीपर्यंत तिनं केलेली वाट, दवाखान्यात पगाराला अंगठा देताना तिला वाटलेली लाज, मग शिकून केलेली पहिली सही, आणि जयंतीला बाबासाहेबांपुढं तिनं जोडलेले हात. चाल मी कुणाची घेतली नाही. आई जात्यावर म्हणायची त्या ओवीतून आणि गाडीच्या खडखडाटातून ती निघाली. कणगीवाल्यांची फक्त एक ढब ठेवली. ओळीत उशिरा पोचायचं, ओझं घेऊन आल्यासारखं. सुरुवात अशी होती:

डोईवर चुंबळ, चुंबळीवर गाव,
हौसा निघाली, इचारा तिला नाव.

ओळीओळीत हौसा. आबांना म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी आधी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटून पाहिलं. मला कळलं, ते नाव उपसून बघत होते. दिगू घागर घेऊन निघाला? दिगूनं लुगडं खोचलं? त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग हसू इतकं आलं की त्यांना ठसका लागला आणि आईनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "जयंतीला मीबी येतो."

आईला मात्र गाण्यात आपलं नाव आहे हे आम्ही सांगितलं नव्हतं. मी सराव करायची तो ती कामावर असताना.

गावी पोचलो त्या दिवशी उन्हानं दगड तापलेले. बौद्धवाड्यात निळे झेंडे, पताका, एका बाजूला मोठ्या पातेल्यात खीर. दिगूकाका आबांना बघून मंचावरून खाली उतरले. मग म्हणाले, "जय भीम, सदा." आबा म्हणाले, "जय भीम." एवढंच. मी मध्ये गेले आणि म्हटलं, "काका, मला एक गाणं म्हणायचंय. माझं." त्यांनी ते मला मंचामागं म्हणायला लावलं आणि मान डोलावत ऐकलं. गाण्याची जाण त्यांना होतीच. "लय झ्याक," ते म्हणाले. "पण पोरी, मंचावर पोरीचा आवाज पुरत न्हाई. मी म्हणतो, तुमी झील धरा. तुझं गाणं माझ्या गळ्यातून सगळ्या माणदेशात जाईल बघ." मग त्यांनी विचारलं, "आन् नाव कुठं घातलंयस?"

"हायच की काका. सगळीकडं."

त्यांनी ओठ हलवत पुन्हा एकदा गाणं मनात फिरवलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. गडी हुशार, त्यांना लगेच उमगलं. त्यांनी आबांकडं पाहिलं, आबा पताकांकडं बघत होते. "बरं," ते म्हणाले. "म्हणून तर बघू." ढोलकीवाल्यानं ठेका धरला आणि दिगूकाकांनी पहिली ओळ टाकली. टाकली ती बरोबर समेवर, खणखणीत. पण ते गाणं तसं येतच नव्हतं. ते उशिरा यायचं होतं. काका आधी पोचले आणि पुढं शब्दच उरले नाहीत. दुसऱ्यांदा ते थांबले तर फारच मागं राहिले. तिसऱ्यांदा ढोलकीवालाच हसला. वर्षानुवर्षं समेवर उभा राहिलेला माणूस, त्याला ओझं घेऊन चालायला कसं जमणार? मी म्हटलं, "काका, मी म्हणते. तुमी झील धरा." हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. पण मी ते मागं घेतलं नाही. दिगूकाकांनी कपाळ पुसलं. "सदाचीच औलाद," असं पुटपुटले आणि माईक माझ्या उंचीला खाली केला.

ऊन डोंगराआड चाललं होतं. समोर तरटांवर माणसं, उजव्या अंगाला बायका, त्यांत पुढंच माझ्या आत्यांबरोबर आई. ती कुणाच्या तरी लेकराच्या डोक्याला तेल चोपडत होती, मंचाकडं तिचं लक्ष नव्हतं. मी सुरू केलं. पहिल्या ओळीला आवाज जपून लावला, दुसरीला मोकळा सोडला. हौसा हे नाव कर्ण्यातून सगळ्या वस्तीवर गेलं तेव्हा आईचा तेलाचा हात हवेतच राहिला. तिनं आत्याला काहीतरी विचारलं. आत्यानं खांदे उडवले. त्या वस्तीत आणखी दोन हौसा होत्या, त्याही एकमेकींकडं बघू लागल्या. घागर आली, सांगलीची वाट आली, आईनं पदर तोंडाला लावला. दवाखाना आला, आणि मागून दिगूकाकांचा तो माणदेश गाजवलेला आवाज झील धरत होता, "हौसा गं हौसा." त्यांनी ती चोख धरली, अंगचोरपणा केला नाही. गाणं समोर आलं की त्या माणसाला बेइमानी करता येत नसे, हे मी त्या दिवशी पाहिलं. ते गाणं आज माण-खटावात कुणीकुणी म्हणतं, लग्नातसुद्धा. ते कुणी रचलं हे कुणाला माहीत नाही आणि मी सांगायला जात नाही.

मग शेवटचं कडवं आलं.

अंगठ्याची शाई धुऊन आली हौसा,
सही आपली करून आली हौसा,
बाबांच्या दारी उभी झाली हौसा,
सांगा माणसांनो, कोण ही हौसा?

इथं मी वाद्यं थांबवायला सांगितली होती. ढोलकी थांबली. प्रश्नानंतर झील यायची होती, पण दिगूकाकांनी ती धरलीच नाही. ते बायकांच्या बाजूला बघत होते. आई उठली. तेलाचे हात तिनं लुगड्याला पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मंचाकडं न बघता, सगळ्या माणसांकडं तोंड करून, दवाखान्यात हजेरी देतात तशा खड्या आवाजात म्हणाली, "मी हाय ती."